एकोणिसाव्या मैलाचा शेरा

गुणवंता,

परवा तुझ्या गावी, बेसाच्या विहारात तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींचं बोलून झाल्यावर तुझ्या मिलिंदने माझ्याकडे पाहिलं आणि मी वही घेऊन उभा राहिलो. तू सांगितलं होतंस तसं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये कुठे थांबलो नाही. मग प्रताप नगरला घरी आलो, हातपाय धुतले, आडवा झालो, तो सकाळी सूनबाईला येऊन हलवावं लागलं. आठ वाजून गेले होते. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं.

तुला ठाऊक आहे, मी पाचच्या पुढे कधी झोपलेलो नाही. लोक त्याला शिस्त म्हणायचे. ती शिस्त नव्हती. पाच वाजता तू रस्त्यावर असायचास आणि मी सायकलवर तुझ्या उजव्या हाताला. तुझं धावणं सुटलं तरी ती वेळ मला पंचवीस वर्षं रोज उठवत राहिली. परवा पहिल्यांदा तिने उठवलं नाही.

विहारात जे होते त्यांनी ऐकलं. जे नव्हते, ज्यांनी तुला गिरणीच्या फाटकावर ‘एकोणीस’ म्हणून हाका मारल्या, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे. पण बोलणार तुझ्याशीच. तुझ्या बाजूने चालत बोलायची सवय आहे, ती आता या वयात कुठे मोडू.

आपली ओळख फाटकावरची. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात बाबू. तू कापसाच्या गाठी फोडून पिंजणाऱ्या खात्यात बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असला तरच काम, नाहीतर फाटकावरून माघारी. माझं काम साधं होतं. शेवटचा भोंगा झाला की फाटक लोटायचं. त्यानंतर पंधरा मिनिटांत येईल त्याचं नाव उशिराच्या रजिस्टरात घ्यायचं, कारण विचारायचं, ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. पोराला ताप, सायकल पंक्चर, नाल्याला पूर. आणि पंधरा मिनिटांच्या पुढे जो येईल त्याला घरी परत पाठवायचं. मी कोणासाठी मिनिट वाकवलं नाही. सख्ख्या मेहुण्यालाही एकदा परत पाठवला होता, त्याने दिवाळीला येणं सोडलं.

त्या दिवशी सकाळी तू धावत आलास. चपला हातात, धोतर खोचलेलं, केसांत कालचाच कापूस. मी फाटकाला हात लावलाच होता.

“झाला काय टाइम, बाबू?”

“अर्धं मिनिट आहे अजून,” मी म्हणालो.

तू आत आलास आणि भिंतीला टेकून हसायला लागलास. सायकलची ट्यूब फुटली होती. पहिला भोंगा झाला तेव्हा तू बेसाच्या विहिरीवर तोंड धूत होतास. उत्तरेचा वारा असला की आपला भोंगा बेसापर्यंत ऐकू यायचा. मला ते खरं वाटलं नाही. पण तुझ्याच गावचा एक सायकलवाला मागून आला, तो उशिरात सापडला. कारण विचारलं तर म्हणाला, “आमच्या गावचा तो गुणवंता धावत जाऊन राहिला होता ना बाबू, त्याले पाहत पाहत आलो.” हे मी शेऱ्यात कसं लिहू? मी ‘पंक्चर’ लिहिलं. तुझं पंक्चर त्याच्या नावावर गेलं.

पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत चाळीस मिनिटं. बेसा ते फाटक सहा मैल. दुपारी मी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : भोंगा ते भोंगा, सहा मैल, चाळीस मिनिटे. का लिहिलं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

कारण पावसाळा संपता संपता कळलं. गिरणीच्या कल्याण अधिकारी साहेबांनी फलकावर लावलं की हिवाळ्यात शहरात मॅरेथॉन शर्यत आहे, सव्वीस मैलांची, आणि आपल्या गिरणीचा जो गडी पहिल्या तीनात येईल त्याला कायम करू, वर मागेल ते खातं देऊ. मी तुला फलकापाशी नेलं. तू विचारलंस, “यार्डात देतीन काय?” यार्ड म्हणजे उघडी जागा, गाठी उतरवायची. काम जड, पण डोक्यावर आभाळ. तुझ्या खात्यात समोरचा माणूस दिसायचा नाही, इतका कापूस उडायचा. शांतावहिनींना तुझा खोकला तेव्हापासूनच आवडत नव्हता. यार्ड मिळालं तर खोकला थांबेल, एवढाच त्यांचा हिशोब होता, आणि त्यासाठी तू सव्वीस मैल धावायला निघालास.

मी काही गुरू नव्हतो. धावण्यातलं मला काहीही कळत नव्हतं. पण टाइम ऑफिसात कामाचा वेग मोजायला एक स्टॉपवॉच होतं, आणि माझ्याकडे सायकल होती. मी तेव्हा रामदासपेठेत दोन खोल्यांत राहायचो. पहाटे निघायचो, अजनीपाशी तू भेटायचास, मग वर्धा रोडने खाली. आठवड्याचे दिवस सहा-सात मैल, रविवारी लांब. स्टॉपवॉच बुटाच्या नाडीने गळ्यात बांधलेलं, वही कॅरियरला, आणि हँडलला टांगलेल्या पिशवीत सोललेली संत्री, मीठ लावलेली. एका हाताने सायकल, दुसऱ्या हाताने तुझ्या तोंडात फोड. दोनदा मी नालीत गेलो.

पहिला मैल तू खोकत जायचास. कापूस थुंकायचास. मी म्हणालो, जरा थांबू या. तू म्हणालास, “चालू दे. पयला मैल गिरणीचा. मंग माया.” आणि खरंच, पहिला दगड गेला की तुझा श्वास असा मोकळा व्हायचा, की मला सायकलवर बसून हेवा वाटायचा.

बुटांवरून आपलं रोज भांडण. मी मोच्याकडून तुझ्या कॅनव्हासच्या बुटांना टायरचे तळ लावून आणले. तू म्हणायचास, पायाला जमीन कळत नाही. मी म्हणायचो, काचा लागल्या तर कळेल. तू म्हणायचास, लहानपणापासून अनवाणी गेलो, तेव्हा तू कुठं होता? ते भांडण कधीच मिटलं नाही. दवाखान्यातसुद्धा तू ते काढलंस.

आता ते लिहितो, ज्यासाठी बसलो आहे.

पहिल्या रविवारी आपण जाऊन-येऊन दहा मैलांना निघालो. खापरीच्या पुढे थांबलो तेव्हा मैलाला साडेसात मिनिटं पडली होती. तू विचारलंस किती, मी खरं सांगितलं. तू मनात भोंग्याचा दिवस धरून बसला होतास. चाळीस मिनिटांत सहा मैल, म्हणजे मैलाला सात मिनिटांच्याही आत. आणि इथे साडेसात. तुझा चेहरा उतरला. “तिशीतच म्हातारा होऊन राहिलो काय गा बाबू?” असं काहीसं तू म्हणालास, आणि परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाहीस.

आपल्या दोघांनाही अक्कल नव्हती. सहा मैलांचा वेग सव्वीस मैलांना टिकत नाही, कोणाचाच टिकत नाही, साडेसात ही फार चांगली वेळ आहे, हे सांगणारं आपल्याला कोणी नव्हतं. आपल्याकडे मोजमाप एकच होतं, भोंगा.

पुढच्या रविवारीही साडेसातच पडली. तू गुडघ्यावर हात ठेवून वर पाहिलंस आणि विचारलंस. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, “सात.”

का म्हणालो, ते मला फार उशिरा उमगलं. मी रोज शेकडो माणसांना एकच गोष्ट सांगायचो, तुला उशीर झाला. सकाळी, दुपारी, शिफ्ट बदलताना. कोणी माझ्याकडे हसत आला नाही. आणि त्या सकाळी मी ‘सात’ म्हटल्याबरोबर तू असा हसलास, माझ्या सायकलच्या घंटीवर बोट मारलंस, आणि परतीला गाणं म्हणत धावलास. मला ते हवंहवंसं झालं. माझ्या तोंडून एका माणसाला तरी कळावं की तो वेळेच्या आधी आला.

मग ते वाढत गेलं. सातचं सहा-पन्नास, मग पावणेसात. तू खरंच सुधारत होतास, पण तुझ्या सुधारण्यापेक्षा माझी जीभ पुढे धावत होती. फक्त लिहिताना खोटं लिहिता आलं नाही. टाइम ऑफिसचा हात होता तो. तोंडाने पावणेसात सांगायचो आणि वहीत पेन्सिलीने सात-वीस मांडायचो. तुला वाचायचा कंटाळा, तू कधी वही मागितली नाहीस. शेवटच्या लांब धावेला, वीस मैलांच्या, मैलाला पावणेआठ मिनिटं पडली होती. मी तुला सात सांगितली.

शर्यतीच्या दिवशी थंडी होती. जाऊन-येऊन सव्वीस मैल, वर्धा रोडनेच. आपल्या गिरणीची पोरं अजनीच्या पुलावर शिट्ट्या फुंकत होती. त्या वेळी बरोबर सायकल न्यायला बंदी नव्हती. पण एक गोष्ट आपल्या रोजच्या धावण्यात नव्हती, ती तिथे होती. दर मैलाच्या दगडापाशी शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा एक माणूस घड्याळ घेऊन उभा होता आणि मोठ्याने वेळ सांगत होता. खरी वेळ.

पहिल्या दगडापाशी तो ओरडला, साडेसात. तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोर पाहिलं. तू पाय वाढवले. दुसऱ्या, तिसऱ्या दगडाला तेच. तुला वाटलं आज आपण मागे पडलो. तू जोर करत गेलास. सहाव्या दगडापाशी तो म्हणाला, त्रेचाळीस. तोवर तू रोजच्यापेक्षा किती तरी जोरात होतास, आणि तरी तुझ्या हिशोबाने मागे.

तू मान वळवून विचारलंस, “बाबू, पाय त रोजच्याहून जास्त उचलून राहिलो. मंग टाइम काहून मागं?”

गुणवंता, उत्तर माझ्या तोंडात होतं. हळू हो, तू बरोबर आहेस, मी खोटा आहे. तेवढंच म्हणायचं होतं. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मी तुझ्या बाजूला सायकल चालवत होतो, पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, “जोर लाव.”

तू लावलास. तेरा मैलांवर वळण होतं, तिथे तू सगळ्यांच्या पुढे होतास. वळणावरची माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या असत्या, हात हँडलवर होते. तू इतर कोणाशी धावत नव्हतास. मी जो गुणवंता तोंडाने रचला होता त्याला गाठायला धावत होतास, आणि तो कोणालाच सापडला नसता.

एकोणिसाव्या दगडापाशी तू बसलास. पडला नाहीस, बसलास, जसं कोणी बांधावर बसतं तसं. मी संत्र्याची फोड पुढे केली, तू तोंड उघडलं नाहीस. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तो तिसरा कसा धावत होता ते मला अजून दिसतं, जवळपास चालतच होता.

तुला मी कॅरियरवर बसवलं. सात मैल तू माझ्या पाठीला डोकं टेकून आलास. पुलाच्या अलीकडे एकदाच बोललास : “तुयी मेहनत वाया गेली, बाबू. माफ करजो.”

माफी तू मागितलीस. माझ्याकडे. मी पायडल मारत राहिलो.

नंतरचं तुला ठाऊकच आहे. फाटकावर कोणीतरी एकदा म्हणालं, काय एकोणीस, आले काय? ते नाव चिकटलं. तू हसून ‘आलो’ म्हणायचास. धावणं सोडलंस. बेसाहून नव्या सायकलने यायला लागलास. चार वर्षांनी कायम झालास, त्याच खात्यात. आपली मैत्री मात्र सुटली नाही. तुझ्या मळ्यातली वांगी माझ्या घरी, माझ्या घरचे अनारसे तुझ्या घरी. मिलिंद मॅट्रिकला पहिल्यांदा नापास झाला तेव्हा मी तुझ्या ओसरीवर बसलो होतो. तू त्याला समजावलंस, “मी ऐन टायमाले हिंमत हारलो होतो बेटा. तू नको हारू.” पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. मी चहाच्या कपात पाहत होतो. त्या दिवशी नक्की सांगायचं ठरवलं होतं, आणि नाही सांगितलं. किती वेळा ठरवलं त्याची काही नोंद नाही.

मागच्या महिन्यात तुला रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मिलिंदला सांगितलं की छाती कापसाने भरली आहे, आता फार काही करता येणार नाही. नळी नाकात, तरी मला पाहिल्यावर तू म्हणालास, “या टाइमबाबू, लिहा मले उशिरात.” दुपार होती. वहिनी डबा धुवायला गेल्या होत्या. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. पहिल्या ‘सात’पासून ‘जोर लाव’पर्यंत.

तू छताकडे पाहत होतास. मग म्हणालास, “फिरून सांग.”

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कळलं की पहिल्यांदा मी काही शब्द गाळले होते. ते या वेळी घातले.

“घरी जा, बाबू,” तू म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मी गेलो. चार दिवस काही नाही. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगू, त्या चार दिवसांतही मला आतून हलकं वाटत होतं, त्याची लाज वाटत होती. तू रागावला होतास आणि तो राग खरा होता, माझ्या खऱ्या वागण्यावरचा. पंचवीस वर्षं तू ज्याच्यावर लोभ केलास तो माणूस अर्धा खोटा होता. आता निदान पूर्ण माणसावर रागावला होतास.

पाचव्या दिवशी मिलिंद स्कूटरवर आला. दारातूनच म्हणाला, “काका, बाबानं बोलावलं. वही घेऊन या म्हणे.”

तुला उशा लावून बसवलं होतं. “वाच,” एवढंच म्हणालास. मी वाचायला लागलो. खऱ्या वेळा, पेन्सिलीने लिहिलेल्या. तू डोळे मिटून ऐकत होतास आणि चादरीवर एक बोट हलत होतं. प्रत्येक ओळीला तुला दिवस आठवत होता. मी विसरलो होतो, तुझ्या पायांना सगळं पाठ होतं.

“तो कुत्रं मागं लागल्याचा दिवस. त्या दिवशी किती?”

“सात-पाच.”

“खरं?”

“खरं. वहीत आहे.”

“म्हणजे तुयापेक्षा कुत्रं चांगलं शिकवत होतं.”

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. तू हसलास, मग खोकलास, मग बराच वेळ खोकलास. मी वही मिटू लागलो तर तू बोटाने ‘चालू दे’ म्हणालास.

सगळं झाल्यावर तू विचारलंस की तिसरा आलेला गडी किती वेळात आला होता. मला ते कोणाला विचारावं लागलं नाही. साडेतीन तासांच्या वर, मी म्हणालो. तू बोटांवर काहीतरी मांडलंस. पावणेआठने सव्वीस मैल. तुला हिशोब लागला.

“म्हणजे मी माया मायाच चालीनं गेलो असतो, त आलो असतो.”

“हो. कदाचित पहिला.”

“अन् मी पोराले सांगत राहिलो का म्या हिंमत हारली.”

मिलिंद खिडकीपाशी उभा होता. मग तू ते विचारलंस, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. काहून केलं गा? मी सांगितलं, फाटकाचं, दिवसभर उशीर झाला सांगण्याचं, तुझ्या हसण्याचं. मला वाटलं तू म्हणशील, हे काय कारण झालं.

“मले बी आवडे ते,” तू म्हणालास. “तू टाइम सांगे, अन् मी घरी जाऊन शांताले सांगो. तीन महिने म्या तसा जगलो.”

मी धीर करून यार्डाचंही बोललो. शर्यत पुरी झाली असती तर यार्ड मिळालं असतं, आणि यार्ड मिळालं असतं तर ही नळी नसती. ते वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस तू. “ते नको जोडू तुया नावावर. त्या खात्यात आम्ही पन्नास जण होतो. बाकीचे कोणी धावले नव्हते.” मला मोकळं करायला तू तसं म्हणालास की तुला खरंच तसं वाटत होतं, हे मी ओळखू शकलो नाही. मी ते विचारलंही नाही. ते तसंच राहिलं.

मग तू वहीचं शेवटचं पान मागितलंस. शर्यतीचं. त्यावर एकोणीस दगडांच्या वेळा आहेत आणि पुढे कोरं. मी ते पान गिरणीच्या रजिस्टरासारखंच आखलं होतं, उजवीकडे शेऱ्याचा रकाना. तोही कोरा. “याच्यात काहून नाही लिहिलं? आमच्या पंक्चरचं लिहे तू.” मी म्हणालो, काय लिहू? तू म्हणालास, जे आहे ते.

मी मिलिंदचं पेन घेतलं. पेन्सिलीने नको म्हणालास. लिहिलं : धावणाऱ्याची चूक नाही. वेळ सांगणाऱ्याने खोटी वेळ सांगितली.

“खाली सही कर. अन् बुटाचं बी लिही. ते बूट भल्ले जड होते.”

“बुटांचं लिहिणार नाही,” मी म्हणालो. “अनवाणी सव्वीस मैल धावतात काय?”

“मी धावलो असतो.”

सही केली. तू वही हातात घेतलीस, पाहिलीस, उलटी धरली होतीस की सुलटी ते काही माझ्या लक्षात नाही, आणि पहिल्या पानावर आलास. भोंगा ते भोंगा. बोट त्या ओळीवर ठेवलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. विचारलं नाहीस, पण मला कळलं.

“ते खरं आहे,” मी म्हणालो. “ते घड्याळ माझं नव्हतं. साऱ्या शहरानं ऐकलं.”

तू मान हलवलीस. वही मिलिंदला दाखवलीस, ती ओळ, आणि मग मला परत दिलीस. सांगितलंस, ‘मी गेल्यावर गावात सगळ्यांसमोर वाच.’ माफ केलं असं तू म्हणाला नाहीस. मी मागितलंही नाही. पेन मात्र मिलिंदला परत द्यायची तू मला आठवण करून दिलीस. आठवडाभराने तू गेलास.

परवा विहारात वाचून झालं. मागच्या ओळीत आपल्या गिरणीचे दोघं-तिघं बसले होते, त्यातल्या एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मिलिंद पुढे आला आणि त्याने वही मागितली. मी दिली. तो म्हणाला की त्याच्या पोरीला दाखवतो, ती शाळेत धावते. ती धावते हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. त्याचा राग मी तुझ्यावर धरणार आहे, तुझ्याकडे सध्या माझी तेवढीच बाकी राहू दे.

मग बाहेर मांडवात चहा झाला. शांतावहिनी कप घेऊन माझ्यापाशी आल्या. मी उभा राहिलो. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, जसं मी हजार माणसांना विचारलं होतं.

“भाऊजी, इतका उशीर काहून केला?”

माझ्याकडे कारण नव्हतं. पोराला ताप नव्हता, नाल्याला पूर नव्हता. मी तसं सांगितलं. म्हणालो, वहिनी, लिहायला काही नाही.

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “बसा. च्या थंडा होऊन राहिला.”

गुणवंता, पंधरा मिनिटांच्या पुढे आलेल्याला मी फाटकावरून परत पाठवायचो. मी पंचवीस वर्षं उशिरा आलो, आणि तुझ्या घरच्यांनी मला आत घेतलं. मी बसलो. चहा गरमच होता.